पायांचा आवाज: लाफयेटमधल्या एका झायडेको अल्बमच्या नोंदी

20 जुलै 2024

आज ठरलं. शेजारच्या अकॉर्डियनवाल्याच्या बँडचा अल्बम करायचा आणि ध्वनिमुद्रण मी सांभाळायचं. तेलविहिरींच्या कामासाठी लुईझियानात लाफयेटला आले त्याला अकरा वर्षं झाली. घरात पेटी आहे. वडील सिंधुदुर्गात दशावताराला पेटीची साथ करायचे, त्यामुळे कुठूनही भात्याचा आवाज आला की माझा पाय घरात ठरत नाही. या शेजाऱ्याची ओळखही अशीच, कुंपणापलीकडून आलेल्या आवाजामुळे झाली.

नोंदी ठेवते आहे त्या आपल्याकडच्या लोकांसाठी. कुणी भजनी मंडळाचं, नमनाचं, दशावताराचं रेकॉर्डिंग पदरच्या पैशाने करायला निघालं तर आमचे पैसे कुठे बुडाले हे त्यांना आधी कळावं.

झायडेको म्हणजे नैर्ऋत्य लुईझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचं नाचाचं संगीत. शब्द आला 'ले झारिको' म्हणजे घेवड्याच्या शेंगांवरून. 'शेंगांत मीठ नाही' अशी जुनी ओळ आहे. शिजत्या शेंगांत खारवलेल्या मांसाचा तुकडा टाकण्याइतकीही ऐपत नव्हती, त्या दिवसांची.

बँडमध्ये पाच जण: अकॉर्डियन आणि गाणं, फ्रोत्वार, गिटार, बास, ड्रम. फ्रोत्वार म्हणजे छातीवर चिलखतासारखा अडकवायचा पन्हळी पत्रा. तो वाजवणारे गृहस्थ 71 वर्षांचे आहेत. सगळे त्यांना 'नाँक' म्हणतात, म्हणजे काका. मीही तेच म्हणते. गाणी दहा: सात टू-स्टेप म्हणजे जलद नाचाची, दोन वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांच्या संथ नाचाची, एक ब्लूज. नऊ यांची स्वतःची, एक जुनं. गल्ल्यात 3000 डॉलर आहेत.

11 ऑगस्ट

काल आणि आज स्टुडिओ. तासाला 45 डॉलर. पद्धत मी ठरवली: आधी क्लिक, म्हणजे कानात यंत्राचा ठरलेला ठोका, लावून ड्रम आणि बास, मग गिटार, मग अकॉर्डियन, शेवटी फ्रोत्वार आणि गळा. प्रत्येक वाद्य वेगळं, स्वच्छ, हवं तेव्हा दुरुस्त करता येईल असं. दोन दिवसांत सहा गाण्यांचे ड्रम-बास झाले. ऐकायला एकदम नीटस. मी खूश होते.

नाँक काचेपलीकडे दोन तास हात बांधून बसले होते. जाताना एवढंच म्हणाले, "माझी पाळी येईल तोवर गाणं थंड झालेलं असेल." मला वाटलं, वाट बघून कंटाळले. तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं.

18 ऑगस्ट

आजची चूक सर्वस्वी माझी. अकॉर्डियन माझ्या गाडीत होतं. स्टुडिओत जाताना जेवायला थांबलो, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. ऑगस्टमधलं इथलं ऊन, काचा बंद. स्टुडिओत भाता ओढला तर दोन बटणं गप्प आणि आत काहीतरी खुळखुळतंय. पेटीत सूर स्क्रूने बसवलेले असतात. या अकॉर्डियनमध्ये धातूच्या पट्ट्या लाकडी ठोकळ्यावर मेणाने चिकटवतात, आणि ते मेण वितळलं होतं.

वाद्य अकॉर्डियनवाल्याच्या वडिलांचं. तो मला एक शब्दही बोलला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. दुरुस्तीला तीन आठवडे. ज्यांना हे वाद्य जवळ बाळगायचं आहे त्यांनी लक्षात ठेवा: जिथे लहान मूल ठेवणार नाही तिथे अकॉर्डियन ठेवू नका.

7 सप्टेंबर

दुरुस्ती करणाऱ्याकडे मुद्दाम जाऊन बसले. मेणात थोडी राळ घालून तो ते गरम करतो आणि चमच्याने पट्टीच्या कडेकडेने ओततो. मग सूर लावणं. पट्टीवरची जीभ टोकाकडे घासली की सूर चढतो, रिव्हेटपाशी घासली की उतरतो. आपले पेटीवाले करतात तेच, फक्त कानस जरा बारीक. घासायचं, फुंकायचं, वाजवायचं, परत घासायचं. एका जिभेला वीस मिनिटं.

इथे मला एक गोष्ट कळली जी स्टुडिओतल्या पहिल्याच दिवशी कळायला हवी होती. हे सी पट्टीचं, दहा बटणांचं, एका ओळीचं वाद्य. त्याचा गांधार मुद्दाम उतरवलेला असतो, पियानोच्या गांधारापेक्षा चांगला चौदा सेंटने खाली (सेंट म्हणजे इथे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). आपले गवई पेटीच्या चढ्या गांधारावर जी तक्रार करतात तिचं उत्तर या लोकांनी कानस घेऊन देऊन टाकलंय. पण आमचा गिटारवाला यंत्रावर गिटार लावून तिन्ही सुरांचे कॉर्ड वाजवत होता. दोन गांधार एकमेकांना घासत होते. मी समजत होते माइकची जागा चुकलीय आणि तासभर माइक हलवत बसले होते. उपाय सोपा निघाला: गिटारने कॉर्डमधला गांधार सोडायचा, षड्ज-पंचम धरायचे. दुरुस्तीचे 210 डॉलर मी दिले. बँडने ते हिशेबात घ्यायला लावले.

11 सप्टेंबर

फ्रान्सीन चक्रीवादळ आज पूर्वेकडे टेरबोनजवळ किनाऱ्याला लागलं. आमच्याकडे फारसं नुकसान नाही, पण सगळं बंद. स्टुडिओची तारीख गेली.

29 सप्टेंबर

अकॉर्डियन, गळा, फ्रोत्वार सगळं चढवून सहा गाणी पूर्ण झाली. आज अकॉर्डियनवाल्याच्या अंगणात मोठ्या स्पीकरवर लावली. पंधरा-वीस माणसं, चुलाणावर गंबो, म्हणजे भाताबरोबरचा इथला दाट रस्सा. झायडेको लागलं की इथली माणसं हातातली बशी खाली ठेवून उठतात. आज कुणी उठलं नाही. माना हलल्या, "छान झालंय" म्हणाले आणि परत गप्पांना लागले. तिसऱ्या गाण्याला बँडप्रमुखाने स्वतःच आवाज कमी केला.

मग त्याने फोनमधलं जुनं रेकॉर्डिंग लावलं, त्यांच्याच एका नाचातलं, कुणीतरी गर्दीतून केलेलं, फाटक्या आवाजाचं. चार जोड्या लगेच उठल्या.

रात्री दोन्ही मोजून पाहिली. क्लिकवर गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत मिनिटाला 112 ठोक्यांवर खिळलेलं. नाचातलं 110 ला सुरू होतं आणि शेवटी 116 ला पोचतं, कारण समोरची माणसं तापत जातात आणि ड्रमवाला त्यांच्या पायांकडे बघून वाजवतो. शिवाय हा भाता दाबताना एक सूर देतो, ओढताना दुसरा, त्यामुळे भात्याची ये-जा हीच लय असते. तिला दुसऱ्याने ठरवलेल्या ठोक्यावर बसवलं की श्वास मोजून घेतल्यासारखं होतं.

स्टुडिओचे 22 तास, 990 डॉलर. सहाही गाणी टाकून द्यायची ठरली. मी गप्प बसले होते. नाँक माझ्या बशीत भात वाढत म्हणाले, "आता हॉल बघ."

12 ऑक्टोबर

हॉल बघत फिरतोय. आधी माहिती काढायला हवी होती ती आता काढतेय. क्लिफ्टन शेनिए, ओपलूससजवळ 1925 साली जन्मलेला, झायडेकोचा राजा म्हणतात तो. त्याचा एक अल्बम अरहूली या रेकॉर्ड कंपनीने 1971 मध्ये कॅलिफोर्नियात रिचमंडच्या सेंट मार्क्स चर्चच्या हॉलमध्ये, चालू नाचातच ध्वनिमुद्रित केला. लुईझियानातून कामधंद्याला तिकडे गेलेले क्रिओल लोक समोर नाचत होते. वाट पन्नास वर्षांपूर्वीच घालून दिलेली होती.

चर्चच्या मालकीचा एक जुना हॉल मिळाला. लाकडी जमीन, पत्र्याचं छप्पर, रात्रीला 150 डॉलर. टाळी वाजवून पाहिली, आवाज घुमत नाही, लाकूड तो पिऊन टाकतं.

2 नोव्हेंबर

रिकाम्या हॉलमध्ये चाचणी. भाड्याने आठ चॅनेलचा रेकॉर्डर आणि माइक, 220 डॉलर. सगळ्यात अवघड फ्रोत्वार. शेनिएने 1946 मध्ये टेक्सासात पोर्ट आर्थरच्या विली लँड्री या कारागिराकडून, जमिनीवर आकृती काढून दाखवून, हे वाद्य घडवून घेतलं असं सांगतात. त्याआधी कपडे धुण्याची फळी दोरीने गळ्यात अडकवून वाजवायचे. खांद्यावरून वळलेला पत्रा, आडव्या पन्हळी आणि दोन्ही हातांत बाटल्या उघडायच्या चाव्या. त्याची धार इतकी की खोलीतल्या प्रत्येक माइकमध्ये तो सगळ्यात पुढे. गाण्याचा माइक उघडला की गळा मागे आणि पत्रा पुढे.

आधी पत्र्याला अगदी जवळ माइक लावला. नुसतं खरडणं आलं, ठेका नाही. तीन फूट मागे नेला तेव्हा कुठे आवाजाला अंग आलं. मग नाँकना ड्रमच्या बाजूला, गाण्याच्या माइकच्या बरोब्बर पाठीमागे उभं केलं, कारण तो माइक पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. मध्ये दोरीवर दोन गोधड्या टाकल्या, त्यातली एक माझी, सिंधुदुर्गातून आलेली. वॉल्ट्झला नाँकनी स्वतःहून चाव्या ठेवून चमचे घेतले. पावणेदोन तास गेले, पण गळा सापडला.

अकॉर्डियनला दोन माइक, बटणांच्या बाजूला एक, खर्जाच्या बाजूला एक. खर्जाचा शेवटी बंदच ठेवला. तिथे बासगिटार आहे, आणि दोघांनी मिळून नुसता चिखल होतो.

15 नोव्हेंबर

पहिली रात्र. शेजारीपाजारी, चुलतभाऊ, जुने नाचणारे मिळून तीसेक माणसं. अट एकच: गाणं संपल्यावर अकॉर्डियनवाल्याचा हात खाली येईपर्यंत टाळी नाही.

हॉलचा फ्रिज घोंघावत होता म्हणून मी त्याची पिन काढली आणि विसरले. सकाळी आतलं सगळं बुदँ फुकट. बुदँ म्हणजे भात आणि डुकराचं मांस भरलेलं सॉसेज, ते एका घराने पहाटे उठून केलेलं होतं. त्यांची माफी मागायला गेले. त्यांनी आणखी चार बांधून दिले.

चार गाणी मिळाली, दोन वाया. पहिल्या गाण्यात माणसं माइककडे बघत अवघडून नाचत होती. मी हॉलचे मोठे दिवे बंद करून एकच पिवळा ठेवला, तेव्हा पाय मोकळे झाले.

16 नोव्हेंबर

दुसरी रात्र. आज फ्रिजची पिन काढल्यावर गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवली. आता विसरून घरी जाणं शक्य नाही.

सहा गाणी, त्यातली चार पहिल्याच दमात. रात्री साडेदहाला जुन्या टू-स्टेपला असं काही झालं की बँड थांबेना. कडवं संपलं, नाचणारे वळले, ड्रमवाल्याने त्यांना पाहिलं आणि पुन्हा उचललं. मी रेकॉर्डरजवळ जमिनीवर बसले होते. तळहाताखाली फळ्या थरथरत होत्या आणि मीटरचा काटा बासच्या ठोक्याला नव्हे तर पायांच्या ठोक्याला हलत होता. वडिलांच्या पेटीमागे बसून दशावतार बघताना हे असंच वाटायचं. गाणं पाच मिनिटं चाळीस सेकंदांचं झालं. कापायचं नाही, असं तिथेच ठरलं.

दोन रात्रींचं जेवण 185 डॉलर.

25 जानेवारी 2025

मिक्सिंगचा, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज जुळवण्याचा, आठवडा बर्फात गेला. लेक चार्ल्सच्या हवामान कार्यालयाने आजवरच्या इतिहासात पहिल्यांदाच ब्लिझार्डचा, म्हणजे हिमवादळाचा, इशारा दिला. 21 तारखेला घरासमोर बर्फ, महामार्ग बंद, शेजाऱ्याचा पाण्याचा पाइप फुटलेला. अकॉर्डियन मात्र दोन ब्लँकेटांत गुंडाळून कोरड्या कपाटात होतं.

9 फेब्रुवारी

मिक्समधल्या दोन चुका. एक: हेडफोनवर ऐकून मी बास आणि ड्रमचा पायठोका कमी ठेवला, अकॉर्डियन सुंदर ऐकू यावं म्हणून. एका नाचाच्या मध्यंतरात तिथल्याच स्पीकरवर लावून पाहिलं तर बासवाल्याचा पुतण्या म्हणाला, "पाय कशावर टाकायचा?" दोन: फ्रोत्वार पसरट वाटावा म्हणून त्याच्या दोन प्रती डाव्या-उजव्या केल्या होत्या, एक किंचित उशिराने. अशा हॉलांत दोन्ही बाजू एकत्र होऊनच बाहेर पडतात. तिथे त्या प्रती एकमेकींना खाऊन पत्रा डब्यात पडल्यासारखा वाजला. दोन्ही सुधारलं. तेव्हापासून मी प्रत्येक मिक्स आधी एका स्पीकरवर, एकत्र करून ऐकते.

मास्टरिंग, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा हात, बाहेरून, गाण्याला 60 प्रमाणे 600 डॉलर. ते पैसे वसूल झाले.

26 फेब्रुवारी

गाण्यांच्या पुस्तिकेत नऊ दिवस गेले. शब्द मी शाळेत फ्रेंच शिकलेल्या एका ओळखीच्याकडून टंकून घेतले होते. गायकाच्या आत्याने, 'ताँत' म्हणतात त्यांना, वय 84, कागद हातात घेतला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. "हे आमचं नाही." गायक कुरी-व्हिनीत गातो, म्हणजे इथल्या क्रिओलमध्ये. तिथे 'मी' म्हणजे 'मो', 'तू' म्हणजे 'तो'. टंकणाऱ्याने सगळीकडे पुस्तकी फ्रेंच घालून गाणं 'सुधारलं' होतं.

1921 च्या राज्यघटनेने इथल्या शाळांत शिकवणं फक्त इंग्रजीत करायला लावलं. घरची भाषा तोंडातून निघाली म्हणून ताँतना मैदानात गुडघ्यांवर बसवलं होतं. ते त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि मग दहाही गाणी माझ्यासमोर ओळीओळीने म्हणून दाखवली. मालवणी गाणं पुण्याच्या मराठीत छापल्यावर कसं वाटेल ते मला माहीत आहे. हे छपाईआधी सापडलं, हे नशीब.

20 मार्च

4 मार्चला मार्डी ग्रा, म्हणजे उपवासांआधीचा शेवटचा सण, झाला, आता लेंटचे, ईस्टरआधीचे उपवास. जुन्या कॅथलिक रिवाजात या दिवसांत नाच नसतो. प्रकाशन मे महिन्यात करायचं.

परवान्याचा हिशेब लिहून ठेवते, कारण इथे चुकले. दुसऱ्याचं गाणं घेतलं तर प्रत्येक प्रतीमागे ठरलेला दर द्यावा लागतो, 2025 साली 12.7 सेंट. पण तो पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला. त्याहून लांब असेल तर मिनिटाला 2.45 सेंट, अर्धवट मिनिट पूर्ण धरून. आमचं जुनं गाणं 5:40, म्हणजे सहा मिनिटं, 14.7 सेंट. शिवाय मी 500 सीडीच मोजल्या होत्या, पेन ड्राइव्ह विसरले होते. एकूण 600 प्रती, 88 डॉलर 20 सेंट.

सीडी 500, पुठ्ठ्याच्या पाकिटात, 815. पेन ड्राइव्ह 100, 340. ट्रेल राइडवाल्यांनी ते सुचवलं. घोड्यांवरून रपेट, मागून ट्रॅक्टर-ट्रेलर, त्यावर मोठे स्पीकर. तिथे सीडी कुणी लावत नाही.

28 एप्रिल

खोके आले. पाकिटावर चौथं आणि पाचवं गाणं उलटसुलट. छापणाऱ्याची चूक नाही, माझ्या यादीतली. 68 डॉलरचे स्टिकर आणि तीन संध्याकाळी, पाच जणांनी बसून लावले.

10 मे

प्रकाशन, अर्थात नाचातच. 61 सीडी गेल्या. मध्यंतरात अल्बम लावला आणि मी दाराशी उभी राहून फक्त जमीन बघितली. पहिल्या गाण्याला सहा जोड्या. जुन्या टू-स्टेपला जागा उरली नाही. सातव्या गाण्याला जमीन रिकामी झाली. ते आम्हाला आवडतं म्हणून घेतलेलं, पण पहिल्या रात्रीचं आहे, अवघडलेलं, आणि ते कळतं. ते गाळायचं धाडस आम्ही करायला हवं होतं.

14 जून

शनिवार सकाळच्या रेडिओवरच्या झायडेको कार्यक्रमात दोनदा लागलं, दोन्ही वेळा वॉल्ट्झ. टू-स्टेप लागेल असं आम्ही धरून चाललो होतो. तरुण मुलांची तक्रार आली की पायठोका अजून जड हवा, आजकालच्या झायडेकोसारखा. तक्रार खरी आहे.

ग्रॅमीला पाठवा म्हणून दोघा-तिघांनी सुचवलं. 2008 ते 2011 अशी चार वर्षं झायडेको-केजनला (केजन म्हणजे इथल्या गोऱ्या फ्रेंच भाषकांचं संगीत) स्वतंत्र पुरस्कार होता. आता पोल्का, हवाईचं संगीत, सगळं एकाच प्रादेशिक गटात आहे. तो पुन्हा वेगळा व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे. आम्ही पाठवलं नाही. त्या पैशात ड्रमची नवी कातडी आली.

30 जून

25 तारखेला शेनिएची जन्मशताब्दी. दोन दिवसांनी त्याला मानवंदना देणारा अल्बम आला, त्यात रोलिंग स्टोन्स हा जगप्रसिद्ध रॉक बँडसुद्धा आहे. आमच्या टेबलाशी बाहेरगावची माणसं थांबू लागली. फ्रोत्वार हातात घेऊन बघतात. नाँक प्रत्येकाला अडकवून देतात.

3 ऑगस्ट

हिशेब. खर्च: स्टुडिओ 990, दुरुस्ती 210, हॉल 300, रेकॉर्डर-माइक 220, जेवण 185, मास्टरिंग 600, परवाना 88.20, सीडी 815, स्टिकर 68, पेन ड्राइव्ह 340. एकूण 3816.20. जमा: सीडी 148, पंधराने, 2220, पेन ड्राइव्ह 71, वीसने, 1420, ऑनलाइन ऐकण्याचे 38. एकूण 3678. तूट 138.20. ते 990 वाचले असते तर मेमध्येच नफ्यात असतो.

9 ऑगस्ट

ताँतना सीडी द्यायला गेले. त्यांनी स्वयंपाकघरातल्या जुन्या प्लेअरवर लावली, हात पुसले आणि खुर्ची ओढून प्लेअरला कान लावून बसल्या. दुसऱ्या वॉल्ट्झला हात वर केला, मला थांबवलं, तोच तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

"हा एक पाय ओढतोय तो ऐकतेस? तिसऱ्या मात्रेला? तो माझा धाकटा भाचा. लहानपणी ट्रॅक्टरवरून पडला होता."

घरी येऊन त्या रात्रीचे फोटो काढून बघितले. भाचा तिथे आहे, अकॉर्डियनच्या माइकपासून चार हातांवर.